आई केळी इथे हवीत: ड्रेसाजची पहिली दोन वर्षं

हे ज्यांना घोड्यावर बसता येतं त्यांच्यासाठी आहे. ड्रेसाज म्हणजे आखलेल्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि आकृत्या नेमकेपणाने करून घेणं. अजिबात न बसलेल्यांना ते शिकवणं त्यामानाने सोपं जातं. अवघड जातात ती माझ्यासारखी. मी माथेरानची. बाबांचे दोन घोडे दस्तुरीपासून बाजारापर्यंत पर्यटक आणायचे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत लगाम धरून पुढे चालायचं काम माझं. संध्याकाळी रिकामा घोडा घरी न्यायचा, तोही खोगिराशिवाय. सतराव्या वर्षी पुण्याजवळच्या एका क्लबात कामाला लागले तेव्हा माझी मांड कुणी हलवू शकणार नाही अशी माझी खात्री होती.

क्लबात शिकवायला घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदार होते. त्यांनी मला पमीवर बसवलं, मैदानाच्या मधोमध बोट दाखवलं आणि म्हणाले, "तिथे थांबव." मी लगाम ओढला. पमीने मान वर फेकली आणि चार पावलं पुढे जाऊन थांबली, तीही वाकडी. "हाताने थांबवलंस," ते म्हणाले. मग कशाने थांबवायचं असतं? माथेरानच्या वाटेवर घोडा पुढच्या घोड्याच्या शेपटीमागे चालतो आणि शेपूट थांबली की थांबतो. इतकी वर्षं मी काहीच करत नव्हते, हे कळायला मला महिना लागला.

पमी रेसमधून सुटलेली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची. आपल्याकडच्या क्लबांत असे घोडे पुष्कळ असतात, तुमच्याही वाट्याला बहुधा असाच येईल. रेसच्या घोड्याला लगामाचा ताण म्हणजे टेकायला मिळालेला आधार वाटतो. तुम्ही जितकं ओढाल तितका तो पुढे झुकून पळेल. तेव्हा ओढणं हा उपाय पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाका.

खाली उभं राहून करायची कामं थोडक्यात सांगते. खाणं झाल्यावर निदान तासभर घोड्याला कामाला लावू नका. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटदुखी जिवावर बेतू शकते. खरारा करताना हात पाठीवरून आणि तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) जागेवरून फिरवून बघा. सुकलेला घाम, चिकटलेली काडी, गरम लागणारी जागा हाताला आधी कळते. खूर टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करायचा आणि मधल्या मऊ त्रिकोणावर साफ करायचा लोखंडी आकडा घासायचा नाही. पावसाळ्यात तिथून कुजका वास आला तर नालबंदाला किंवा डॉक्टरला त्याच दिवशी सांगा. तंग एका दमात आवळू नका. बसण्याआधी एकदा, बसल्यावर दोन फेऱ्या चालवून पुन्हा एकदा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला, बुटाला छोटी टाच (खेळाचे बूट रिकिबीत अडकतात), आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं. तबेल्यात काम करणाऱ्याने हे शेवटचं टाळू नये.

आता बसणं. पहिले दोन महिने माझ्या हातात लगाम नव्हता. रिसालदारसाहेब मध्ये उभे, लांब दोरावर पमी त्यांच्याभोवती फिरतेय, रिकिबी काढून ठेवलेल्या आणि माझे हात कमरेवर. क्लबातली दहा-बारा वर्षांची पोरं कठड्यावर बसून बघायची. लाज वाटायची, पण याला दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही. क्लबात दोरावर शिकवत असतील तर पैसे त्यावर घाला. मोकळ्या मैदानातले तास नंतर घ्या. बाजूने बघणाऱ्याला तुमचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. माझी टाच कायम पुढे जायची, खुर्चीत बसल्यासारखी. डोंगर उतरताना मागे रेलायची सवय होती ती.

दोरावर असतानाच चाली मोजायला शिका, आणि तोंडाने मोजा. संथ चालीत चार ठोके पडतात, दुडकीत दोन, कँटरमध्ये, म्हणजे दुडकीच्या वरच्या हलक्या धावेत, तीन आणि मग एक क्षण घोडा पूर्ण हवेत. दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उलट. आमचे साहेब त्याला हिंदीत दुलकी म्हणायचे, मी दुडकी. पमीला दोन्ही कळायचं. या दुडकीत उठबस करताना उठायचं कधी, यावर नवीन पोरं फार गोंधळतात. वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठा, मागे आला की बसा. म्हणजे आतल्या बाजूचा मागचा पाय जमिनीवर असताना तुम्ही बसलेले असता, आणि वळणावर तोल सांभाळायचं काम त्याच पायाकडे असतं. सुरुवातीला खाली वाकून खांदा बघा, चालेल. महिन्याभराने बघणं बंद करा.

मैदान आखायला पैसे लागत नाहीत. छोटं मैदान 20 बाय 40 मीटरचं असतं, मोठं 20 बाय 60 चं. छोट्यापासून सुरुवात करा. रंगाचे रिकामे डबे आठ आणा, त्यांवर अक्षरं रंगवा. कोपरे काटकोनात येण्यासाठी गवंडी वापरतात तीच युक्ती: कोपऱ्यापासून एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर मोजा, दोन टोकांतलं अंतर 5 भरलं की कोपरा बरोबर. शेवटी कर्ण मोजा, 44 मीटर 72 सेंटिमीटर यायला हवा. आमचा पहिल्यांदा 45 च्या वर गेला होता आणि आम्ही तीन आठवडे तिरक्या चौकोनात घोडे फिरवत होतो.

प्रवेश ए वरून, समोरच्या टोकाला सी, तिथे परीक्षक बसतात. ए कडून सी कडे तोंड करून उभे राहिलात तर डाव्या लांब बाजूला के, ई, एच आणि उजव्या बाजूला एफ, बी, एम. के, एच, एम आणि एफ हे चौघे आपापल्या कोपऱ्यापासून 6 मीटरवर. ई आणि बी बरोबर मध्ये. अगदी मधोमध एक्स, त्याला डबा नसतो. ही अक्षरं अशीच का लावली आहेत याच्या बऱ्याच कथा ऐकायला मिळतात, त्या सोडून द्या. पाठ कशी करायची ते महत्त्वाचं. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. आई केळी इथे हवीत, चार माझी बाकी फुकट. हे मी पमीला केळं भरवताना बनवलं आणि आता क्लबातली सगळी पोरं तेच घोकतात.

आणि आता वर्तुळ. वीस मीटरचं वर्तुळ हा ड्रेसाजचा बाराखडीचा तक्ता आहे, इथे घाई करू नका. मी एक पूर्ण हिवाळा यातच घालवला.

ए वरचं वर्तुळ घ्या. ते चार ठिकाणी टेकतं: ए, एक्स, आणि दोन्ही लांब बाजूंवर कोपऱ्यापासून 10 मीटरवर, म्हणजे के आणि एफ यांच्या 4 मीटर पुढे. अक्षर दिसलं की तिथेच टेकायचा मोह होतो. के ला टेकलात तर वर्तुळाचा बटाटा होतो. कोपऱ्यात शिरलात तर वर्तुळ संपलंच, कारण वर्तुळाला कोपरे नसतात. आम्ही काय करायचो, ए पासून 10 मीटर आत एकाने दोर धरून उभं राहायचं, दुसऱ्याने दोराचं दुसरं टोक घेऊन भाताचं तूस टाकत फिरायचं. कबड्डीच्या मैदानासारखी फक्की मारू नका, ती घोड्याच्या नाकात जाते.

तुसाच्या रेषेवरून आधी संथ चालीत चार फेऱ्या काढा, मग दुडकी. आणि मोजा. या वर्तुळाचा घेर 62 मीटरच्या थोडा वर, म्हणजे एक पाव झाला पावणेसोळा मीटरचा. पमीच्या चालीत एका पावाला सहा उठबशा बसायच्या. तुमच्या घोड्याला साडेपाच लागतील नाहीतर सात, त्याला हरकत नाही. चारही पावांना सारख्याच लागल्या पाहिजेत. माझ्या अशा यायच्या: सहा, सहा, आठ, पाच. आठ कुठे? तबेल्याकडच्या दाराच्या बाजूला. तिकडे पमी बाहेर फुगायची आणि रेंगाळायची, आणि दार मागे पडलं की मी टाच मारून तिला पळवायचे, म्हणून पुढचा पाव पाचात. वर्तुळ कुठे बिघडतंय ते कुणी सांगायची गरजच उरली नाही, आकडा सांगत होता.

फुगणाऱ्या घोड्याला आत आणायला सगळे आतला लगाम ओढतात. त्याने फक्त मान आत येते आणि बाहेरचा खांदा आणखी निसटतो. घोडा तोंड पुण्याकडे करून मुंबईला जातो. करायचं ते उलट. बाहेरचा हात आणि बाहेरचा पाय यांची भिंत करा, आतला पाय तंगापाशी ठेवून बरगडी त्याच्याभोवती वाकू द्या, आणि नजर पुढच्या टेकण्याच्या जागेवर. आतल्या हाताने इतकंच करायचं की तुम्हाला घोड्याच्या आतल्या डोळ्याची कड दिसावी. पापण्या मोजता येत असतील तर जास्त झालं.

याच वर्तुळावर मला हात कळला. साहेब म्हणायचे, "हाफ हॉल्ट दे," म्हणजे घोड्याला न थांबवता क्षणभर सावर, आणि मी अर्धा लगाम ओढायचे. एकदा घरी आई श्रीखंडाचा चक्का बांधत होती. फडक्यातलं शेवटचं पाणी काढताना ती मूठ मिटायची आणि लगेच सैल सोडायची; जोर लावला तर चक्काच फडक्यातून बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या हाताची बोटं तेवढीच मिटली. अंगठा वर, मनगट सरळ, कोपर जागच्या जागी. पाठ उंच केली, पोटऱ्या हलकेच लावल्या, एक उठबस होईपर्यंत थांबले आणि बोटं सोडली. पमीचा कान माझ्याकडे वळला. पुढचं पाऊल थोडं उंच पडलं. बस, एवढंच झालं, पण ते माझ्या सांगण्यावरून झालं होतं. सोडणं विसरलात तर मात्र तिला वाटणार की रेस सुरू झाली. थांबायलाही हेच: पाठ थांबवा, बोटं मिटा, ती थांबत असतानाच सोडा.

शिकवण्याच्या पायऱ्यांचा एक जर्मन क्रम जगभर वापरतात: लय, सैलपणा, कडियाळ्याशी (घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी दांडीशी) संपर्क, जोम, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी एकवटणं. ज्याला लोक ड्रेसाज समजतात, जागच्या जागी नाचल्यासारखी दुडकी वगैरे, ते त्या शेवटच्या पायरीवरचं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नाचवतात, तो वेगळा मामला. त्यावरून इथली घाई करू नका. मान आत बांधून घोडा छान दिसतो, लयीचा मात्र सत्यानाश होतो. मला विचाराल तर पहिली दोन वर्षं पहिल्या तीन पायऱ्यांत गेली तरी बिघडत नाही.

26 सप्टेंबर 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण 41 वर्षांनी आलं होतं. आम्ही सहा जण तबेल्यात एका मोबाइलला चिकटलो होतो. घोडे तंगड्या कशा आडव्या टाकतात ते पोरं बघत होती, मी स्वारांचे हात बघत होते. काहीच दिसत नव्हतं. पुढच्या वर्षी अनुष पॅरिसला गेला, ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय. हे सगळे परदेशात राहून, तिथल्या घोड्यांवर तयार झालेत, हेही खरं आहे. आपल्या क्लबातल्या पमीवर तिथवर जाता येत नाही. पण क्लबाची परीक्षा देता येते.

त्या परीक्षेला टेस्ट म्हणतात. कागदावर क्रम दिलेला असतो: ए वरून दुडकीत प्रवेश, एक्सवर थांबून सलाम, मग पुढचं. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण आणि शेवटी टक्केवारी. आधी पायी पाठ करा. मी क्लबाच्या पार्किंगमध्ये डबे मांडून स्वतःच दुडकी चालीने फिरायचे. घोड्यावरून संपूर्ण टेस्टचा सराव रोज करू नका. घोडा तुमच्याआधी पाठ करतो आणि एक्स आला की स्वतःच थांबतो. सुरुवातीच्या पातळीवर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याने वाचून दाखवलेलं चालतं, आधी विचारून घ्या. सलामाला दोन्ही लगाम एका हातात, दुसरा हात सरळ खाली, मान झुकवायची. हेल्मेट काढायचं नाही.

माझा घात जिभेने केला. माथेरानमध्ये दिवसभर चक् चक् करत घोडा हाकायचा, ती सवय मेंदूत बसलेली. ड्रेसाजमध्ये तोंडाने आवाज काढला की गुण कापतात. पहिल्या टेस्टमध्ये मी तीनदा चक् चक् केलं आणि मला पत्ताही नव्हता. 53 टक्के मिळाले. कागदावर परीक्षकांनी वर्तुळापुढे 6 लिहून "आकार चांगला" असं म्हटलं होतं, थांबण्यापुढे 4, आणि खाली एक ओळ: "स्वार बोलते." उपाय साधा निघाला. सरावाला जाताना तोंडात लवंग धरायची. साहेबांना वाटलं दात दुखतोय.

टेस्ट संपली की ए वरून बाहेर पडताना लगाम लांब सोडा, घोड्याला मान खाली ताणू द्या. दाराबाहेर आल्यावर उतरा, तंग दोन भोकं सैल करा, रिकिबी वर सरकवा, श्वास शांत होईपर्यंत हाताने चालवा. पायांवर पाणी, मग खरारा. गुणांचा कागद मिळायला वेळ लागतो. तोवर खूर बघून घ्या, आणि केळं सालीसकट दिलं तरी चालतं.