लाल वाइन मुरली की उष्णतेने भाजली? बाटली उघडण्याची वेळ ओळखताना

साठवून ठेवलेली लाल वाइन पिण्याजोगी झाली आहे का, हा प्रश्न हॉटेलात वाइन वाढण्याच्या व्यवसायात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन-तीन वर्षांतच कोणीतरी विचारते. मला तो विचारला गेला तेव्हा मी ठाम उत्तर दिले. ते चुकीचे होते, आणि त्याची बोच नऊ वर्षांनंतरही गेलेली नाही. म्हणून या लेखात इतर गोष्टी थोडक्यात आणि ती एक चूक विस्ताराने मांडली आहे.

माझे घर जालना जिल्ह्यातले, द्राक्षबागायतदाराचे. घडात पाणी उतरले की पुढे काय करायचे हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि काढणीची वेळ ठरवायला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजण्याचे यंत्र हाताशी असते. बाटलीतल्या वाइनसाठी असे यंत्र नाही, आणि मला नेमके तेच उमगले नव्हते. छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलात पेयसेवेच्या विभागात काम करताना मी खाण्याचे पैसे वाचवून फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या, कॅबर्ने सोव्हिन्याँ जातीचे द्राक्ष मुख्य असलेल्या एका वाइनच्या सहा बाटल्या घेतल्या आणि गावच्या माळवदाच्या घरात, जुन्या बळदाशेजारच्या अंधाऱ्या खोलीत आडव्या करून ठेवल्या. मातीच्या जाड भिंती, खिडकी नाही, भर दुपारी आत शिरले की अंगाला गारवा लागतो. तळघर म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असणार, असे मला मनापासून वाटले होते.

तीन उन्हाळे गेल्यावर मी त्यातली एक बाटली उघडली. वाइन तेव्हा सहा वर्षांची होती. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला, तर कडेचा रंग विटकरी दिसला, वासात सुक्या मनुका आल्या आणि जांभळी झाक कुठेच उरली नव्हती. पुस्तकात वाचलेली मुरल्याची सगळी लक्षणे जुळत होती, म्हणून ती मुरली असे मी ठरवले. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एक उद्योजक आमच्याकडे नेहमी येत असत, आणि त्यांच्याकडे त्याच वाइनच्या, त्याच वर्षाच्या बारा बाटल्या होत्या. त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “साहेब, आता थांबू नका, ऐन भरात आहे.” त्यांनी मुलीच्या साखरपुड्याला तीन बाटल्या उघडल्या. रंग गडद माणकासारखा, वास जवळजवळ नाही, आणि जिभेवर कच्च्या आवळ्यासारखा तुरटपणा. पाहुण्यांनी पेले तसेच ठेवून दिले. साहेब मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

एकाच वाइनची दोन रूपे कशी झाली, हे नवख्यांनी नीट समजून घ्यावे. द्राक्षाच्या सालीतून आलेली अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आणि साल-बियांतून आलेले, तुरटपणा देणारे टॅनिन बाटलीत हळूहळू एकमेकांशी जोडले जातात. रंग जांभळ्याकडून माणकाकडे आणि पुढे विटकरीकडे सरकतो, मोठे झालेले कण गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा मवाळ होत जातो. १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात हे सगळे एका चालीने, वर्षानुवर्षे चालते. उष्णता वाढली की क्रियांचा वेग वाढतो, पण सगळ्यांचा सारखा वाढत नाही. रंग लवकर उतरतो, फळाचा ताजा वास लवकर जातो, शिजल्यासारखा वास येऊ लागतो, आणि चव मात्र मुरत नाही. कार्बाइडची पुडी ठेवून पिकवलेला केशर आंबा बाहेरून पिवळाधमक दिसतो आणि कापल्यावर कोयीपाशी आंबट निघतो. आढीत गवतावर सावकाश पिकलेल्या आंब्याची आणि त्याची साल शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. माझ्या बाटलीचे तसेच झाले होते. नंतर मी त्या खोलीत तापमापक टांगला, तेव्हा मे महिन्यात तो रात्रीसुद्धा ३१ अंशांखाली उतरला नाही. बाहेर ४२ असताना ३१ गार वाटतात, पण वाइनला ते गार नसतात.

साहेबांच्या बाटल्या १३ अंशांच्या वाइन-कपाटात होत्या आणि त्या वेळी मूक अवस्थेत होत्या. टॅनिन भरपूर असलेल्या बोर्दो किंवा इटलीच्या बारोलोसारख्या वाइनमध्ये ही अवस्था अनेकदा येते. तारुण्यातला फळाचा वास मागे सरलेला असतो आणि चामडे, तंबाखू, ओली माती असे मुरलेपणाचे वास अजून आलेले नसतात. अशी बाटली उघडली की वाइन मेली असे वाटते. ती मेलेली नसते. तिला एकटे सोडावे.

म्हणून रंग सर्वांत शेवटी पाहावा, असे मी आता आग्रहाने सांगतो. आधी बाटली तपासा: बूच वर सरकले आहे का, टोपणाखाली चिकट ओघळ आहे का, वयाच्या मानाने वाइनची पातळी फार खाली गेली आहे का. यातले काही दिसले, तर उष्णतेची शंका घ्या आणि त्या बाटलीवरून दुसऱ्या कोणाच्या बाटलीबद्दल बोलू नका. मग घोट घ्या, गिळा आणि थांबा. हिरड्यांवर कोरडेपणा आहे, पण त्याच्याबरोबर फळाची चवही टिकून आहे, तर वाइनला वेळ द्या. कोरडेपणा राहिला आणि फळ निघून गेले, तर वाट पाहून काही सुधारणार नाही, कारण टॅनिन मवाळ झाले तरी गेलेले फळ परत येणार नाही. तुरटपणा रेशमासारखा झाला, फळ सुकलेले पण जिवंत आहे आणि त्यात मातीचा किंवा चामड्याचा वास मिसळला आहे, तर तीच वेळ. फक्त आंबटपणा टोचत असेल, तर वेळ टळून गेली. डब्ल्यूएसईटी या लंडनच्या वाइन-शिक्षण संस्थेच्या तिसऱ्या पातळीच्या परीक्षेत जे चार निकाल लिहायचे असतात, म्हणजे फार कोवळी, आता चालेल पण पुढेही वाढेल, आत्ताच प्यावी आणि फार जुनी, ते या अनुभवांशी एकास एक जुळत नाहीत, पण अशाच अनुभवांवरून ठरतात. पाठ करण्यापेक्षा ते जिभेवर ओळखा.

माझ्या गुरूंनी शिकवलेली एक रीत मला सर्वांत भरवशाची वाटते. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखायची. चव खुलली असेल तर वाइनमध्ये आयुष्य आहे. कोमेजली असेल तर बाकीच्या बाटल्या लवकर संपवा. “लेबलाला काय विचारतोस, तिलाच विचार,” असे ते म्हणत. जे गुरू चाखण्याआधीच पिण्याचे वर्ष सांगून मोकळे होतात, त्यांच्याकडून पेला धरायला शिका, निर्णय घ्यायला शिकू नका. व्हिंटेजचे, म्हणजे द्राक्षाच्या हंगामाच्या वर्षांचे, तक्ते आणि मोबाइलवरचे गुण तर मी पूर्ण सोडले आहेत, कारण त्यांत तुमच्या खोलीचे तापमान नसते. डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या भांड्यात, दोन तास ठेवले की दहा वर्षांचे काम होते, हेही खोटे आहे. हवेने वास खुलतो, पण मुरणे हवेने होत नाही. जुनी बाटली मात्र एक-दोन दिवस उभी ठेवून, पिण्याच्या अगदी आधी, गाळ मागे राहील अशी अलगद ओतावी.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लाल वाइन, आपल्या नाशिकच्या बहुतेक वाइनसुद्धा, पहिल्या काही वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. त्या साठवू नका. आणि वाइन-कपाट घेण्याची ऐपत नसेल तर मराठवाड्यात काहीही साठवू नका, हे मी स्पष्टच सांगतो. यात खचून जाण्यासारखे काही नाही. कोवळी वाइन नीट चाखता येणे ही निम्मी विद्या आहे, आणि ती महिन्याला एक बाटली चार मित्रांत वाटूनही शिकता येते. साठवायचेच असेल तर एकाच वाइनच्या निदान सहा बाटल्या घ्या, दीड-दोन वर्षांनी एक उघडा आणि तारीख, वास, तुरटपणा, दुसऱ्या दिवसाची चव हे सगळे वहीत लिहा. भारनियमनात वीज गेली तर कपाटाचे दार उघडू नका. भरलेले कपाट काही तास गारवा धरून ठेवते.

गेल्या डिसेंबरात साहेबांनी मला घरी बोलावले. नऊ बाटल्या शिल्लक होत्या आणि वाइन पंधरा वर्षांची झाली होती. मी बाटली दोन दिवस उभी ठेवायला सांगितली, काळ्या मसाल्याच्या मटणाआधी ती उघडली, आणि या वेळी बराच वेळ काही बोललो नाही. काळ्या मनुका, देवदाराच्या लाकडाचा वास, मऊ तुरटपणा आणि गिळल्यानंतरही रेंगाळणारे फळ. पेलाभर आम्ही मुद्दाम झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची चव किंचित उतरली होती, म्हणून उरलेल्या आठ बाटल्या वर्षाला दोन या हिशेबाने संपवाव्यात, असे मी त्यांच्या वहीत लिहून दिले आणि खाली तारीख घातली.