६ व्होल्टची जुनी गाडी १२ व्होल्टवर कशी आणावी

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर रात्री ६ व्होल्टची जुनी मोटरसायकल काढणं म्हणजे जिवाशी खेळ. समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, आणि आपला हेडलाइट पिवळट. ब्रेक दाबला की तोही डोळा मिटतो. मग कट्ट्यावरचा कोणीतरी सांगतोच, "१२ व्होल्ट करून टाक की!" करता येतं, आणि थोडी हातसफाई असेल तर घरीही जमतं. फक्त नवी बॅटरी टाकून काम होत नाही. वीज जिथं तयार होते, तिथून सुरुवात करावी लागते.

फायदा कुठून येतो ते आधी बघा. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर साधारण ५.८ अँपिअर ओढतो, १२ व्होल्टवर २.९. जुना स्विच आणि गंजलेलं अर्थिंग (चेसिसशी केलेली वायरची जोडणी) यांत मिळून ०.२ ओहम रोध असला, तर ६ व्होल्टच्या गाडीत एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो आणि उजेड निम्म्यावर येतो. १२ व्होल्टला तेवढ्याच रोधात अर्धा व्होल्ट जातो, तोही बारातला. म्हणून गाडी उघडण्याआधी चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत करा, नवी वायर टाका. पुष्कळ गाड्यांचं दुखणं एवढ्यानंच निम्मं कमी होतं. तेवढ्यावर भागलं तर पुढचा खर्च करूच नका.

आता गाडीत वीज डायनामो तयार करतो की मॅग्नेट, ते ओळखा. जुन्या जावा-येझदीत डायनामो असतो: कार्बन ब्रश, आर्मेचर (आत फिरणारा वेढ्यांचा भाग) आणि वेगळा कटआउट (चार्जिंग जोडणारा-तोडणारा स्विच). फ्लायव्हीलच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या) आतच चुंबक बसवलेले असतील आणि मधल्या प्लेटवर कॉइली असतील, तर मॅग्नेट.

मॅग्नेटच्या गाडीत फ्लायव्हील पुलरनंच (स्क्रूनं ओढून काढायच्या अवजारानंच) काढा. हातोडी मारली की चुंबकाची ताकद जाते आणि क्रँकलाही दणका बसतो. प्लेटवरच्या लायटिंग कॉइलचं एक टोक अर्थला झाळलेलं दिसेल. ते सोडवा, त्याला नवी वायर झाळा, वर इन्सुलेशनची नळी (स्लीव्ह) चढवा आणि दोन्ही टोकं बाहेर आणा. मल्टिमीटरवर आता कोणतंही टोक बॉडीशी जोडलेलं (कंटिन्युइटी) दाखवता कामा नये. प्लगला करंट देणारी कॉइल शेजारीच असते. तिला हात लावू नका.

ही दोन टोकं १२ व्होल्टच्या फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला जातात, म्हणजे एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटांची डीसी करून व्होल्ट आवरणाऱ्या डबीला. इथं बरेचजण फसतात. बऱ्याच १०० सीसी गाड्यांचे चार पिनांचे रेग्युलेटर हाफ-वेव्ह, म्हणजे एकच अर्धी लाट वापरणारे असतात: एक पिन चार्जिंगची, एक हेडलाइटच्या एसीची, एक बॅटरीची, एक अर्थची. दिसायला सारखाच. दुकानदाराला 'दोन एसी, एक प्लस, एक मायनस' असं स्पष्ट सांगून घ्या.

जोडण्याआधी कॉइलची ताकद तपासा. नुसत्या टोकांना मीटर लावला तर आकडा भरपूर दिसतो, त्यावर जाऊ नका. दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब लावा आणि इंजिन मध्यम रेसवर ठेवा. बल्ब पांढरा पेटला आणि त्याच्यावर १२ व्होल्टच्या आसपास मिळाले, तर कॉइल चालेल. लाल राहिला तर रिवाइंडिंग, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळणं. उद्यमनगरात वाइंडिंगवाल्याकडं नेताना वेढे दुप्पट आणि तार तेवढी बारीक, असं सांगा. एक लक्षात ठेवा, वेढे वाढवून व्होल्ट वाढतात, वॅट नाही. म्हणून हेडलाइटला ३५/३५ वॅटचा (अप्पर-डिपर) बल्ब पुरे. कारचा ६०/५५ बल्ब घालायचा मोह टाळा. टेललाइट आणि पार्किंगला एलईडी लावलेत तर वाचलेले वॅट हेडलाइटला मिळतात.

डायनामोच्या गाडीत जुना कटआउट काढून १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो. पण चार्जिंग आधीपेक्षा जास्त रेसला सुरू होतं. महाद्वार रोडच्या गर्दीत रोज रांगत चालवणार असाल, तर बॅटरी उतरणारच. आणि येझदीचं इग्निशन बॅटरीवर असल्यानं बॅटरी गेली की गाडीच गेली. अशा वापराला डायनामो काढून अल्टरनेटर किट बसवणं महाग पडलं तरी माझ्या मते तेच बरं. जुना डायनामो विकू नका, पुढं मागं गाडी मूळ रूपात आणायची झाली तर तोच सापडत नाही.

बॅटरीवरच्या पॉइंट-इग्निशनला (पॉइंट उघडला की प्लगला ठिणगी देणाऱ्या) १२ व्होल्टची इग्निशन कॉइल लागतेच. ६ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध दीड ओहमच्या आसपास असतो, १२ व्होल्टच्या कॉइलचा तीनच्या वर. जुनीच ठेवली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर चांगला असेल तर राहू द्या.

बाकी बदलाबदली सोपी आहे: सगळे बल्ब (स्पीडोमीटरचा बारका दिवा विसरतो, तोच पहिला उडतो), इंडिकेटरचा फ्लॅशर, हॉर्न. बॅटरी घेण्याआधी जुना डबा मोजा. १२ व्होल्टची अडीच किंवा पाच एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी बहुतेकदा बसते. प्लसच्या वायरवर, बॅटरीलगतच, १० अँपिअरचा फ्यूज टाका. काही जुन्या विलायती गाड्यांत प्लस अर्थला असतो, तेव्हा जुन्या बॅटरीची जोडणी आधी नीट बघून घ्या.

शेवटी इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर धरा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट लावून परत बघा. साडेबाराच्या खाली घसरत असेल तर भार जास्त आहे. १५ च्या वर गेलं तर लगेच इंजिन बंद करा: रेग्युलेटर खराब आहे किंवा त्याला अर्थ मिळत नाही. सगळं जुळलं की अंधारात गाडी भिंतीसमोर लावा आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या, कारण आता समोरच्याच्या डोळ्यात जाण्याइतका उजेड तुमच्याकडं आहे.