१४५३ बद्दल लिहिताना या चुका टाळा

शाळेत आपण सगळ्यांनी एक ओळ पाठ केलीये. ऑटोमन तुर्कांनी बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकलं, भारताकडे येणारे व्यापारी मार्ग बंद पडले, म्हणून युरोपियन लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. मीपण कितीतरी वर्षं हेच लिहायचो आणि मार्कही मिळायचे, पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की ही ओळ उभी राहत नाही.

शहर पडलं २९ मे १४५३ ला. पोर्तुगीजांनी मोरोक्कोतलं सेउटा घेतलं १४१५ ला, आणि त्यांची जहाजं केप बोहादोर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकली १४३४ ला, म्हणजे एकोणीस वर्षं आधीच. मग शहर पडल्यामुळे ते निघाले असं कसं म्हणायचं?

दुसरी गडबड नकाशाची आणि हीच मला सगळ्यात मोठी वाटते. मलबारची मिरी मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तला, अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला अशी जायची, आणि इजिप्त मामलुक सुलतानांकडे होतं, ऑटोमनांनी ते घेतलं १५१७ ला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ ला, म्हणजे तेव्हा हा रस्ता तुर्कांच्या हातात नव्हताच, बंद कुठून करणार! पोर्तुगीजांना खुपत होते ते मधले लोक, मामलुकांची जकात आणि व्हेनिसची मक्तेदारी, त्यांना टाळून माल थेट आणायचा होता.

बरं, शहर जिंकणाऱ्या ऑटोमन सुलतान मेहमदाने तरी व्यापार बंद केला का? शहर पडल्यावर दोन-तीन दिवसांतच समोरच्या गलाता वस्तीतल्या जिनोव्हाकरांना (इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या व्यापाऱ्यांना) त्याने व्यापाराची परवानगी लिहून दिली आणि १४५४ ला व्हेनिसशीही तह केला, कारण जकात त्यालाही हवीच होती. फरक पडला तो काळ्या समुद्रात, तिथलं क्रिमियातलं काफा बंदर १४७५ ला जिनोव्हाच्या हातून गेलं. तेवढं लिहा, ते बरोबर आहे.

आणि रस्ते बंद नव्हते याचा पुरावा तर आपल्या कोकणात आहे. त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला गेला, बिदरला राहिला, मग दाभोळहून परत निघाला आणि इराणमधून ट्रॅबझॉनला पोचला, जे तेव्हा ऑटोमनांकडे होतं. तिथे झडती झाली, सामान गेलं, पण माणूस काळा समुद्र ओलांडून काफाला पोचलाच की. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, तिकडे गेलात तर नक्की बघा.

युरोपातल्या पुनरुज्जीवनाचंही (रेनेसान्सचं) असंच. ग्रीक पंडित पळून इटलीत आले आणि सगळं सुरू झालं असं लिहू नका, बायझंटाइन पंडित मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला १३९७ लाच आला होता. १४५३ नंतर आलेल्यांनी भर घातली, एवढंच म्हणा.

अजून एक, 'बलाढ्य बायझंटाइन साम्राज्य कोसळलं' हे वाक्य. खरा घाव बसला होता १२०४ ला, तोही चौथ्या धर्मयुद्धातल्या ख्रिश्चन सैन्याकडून. १४५३ ला उरलं होतं एक शहर, आसपासचा थोडा मुलूख आणि ग्रीसमधला मोरिया, तटावर लढायला साधारण सात हजार माणसं. शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाईन त्यांच्यासोबत लढताना मेला, हे वाचताना मला दरवेळी गलबलतं. आणि ती माणसं स्वतःला बायझंटाइन नाही, रोमन म्हणायची.

आता परीक्षेचं काय? एमसीक्यूमध्ये 'मार्ग बंद झाले' हाच पर्याय दिसला तर तोच टिक करा, तिथे वाद घालून मार्क घालवू नका. पण वर्णनात्मक उत्तरात 'बंद झाले' खोडा, 'जिनोव्हाचा काळ्या समुद्रातला व्यापार आखडला' लिहा आणि शेजारी १४१५, १४३४, १५१७ या तीन तारखा टाका.