दुरुस्ती करताना या चुका टाळा: जुगाड कुठे चालतो आणि कुठे अंगलट येतो

"सध्या चालतंय ना, मग राहू दे की" असं म्हणून सोडलेलं काम पुन्हा निघतंच, फक्त कधी ते सांगता येत नाही. पण म्हणून प्रत्येक गोष्ट मुळापासून करत बसायचं असंही नाही हां. दाराच्या बिजागरीचा स्क्रू लाकडात फिरत असेल तर भोकात लाकडाची काडी फेविकॉल लावून ठोका, वाळू द्या, स्क्रू परत आवळा, वर्षानुवर्षं टिकतं. माझा हिशोब सोपा आहे, केलेली दुरुस्ती फेल गेली तर ती डोळ्यांसमोर जाणार का भिंतीच्या नाहीतर स्विचबोर्डच्या आत गुपचूप? समोर जाणार असेल आणि नुकसान किरकोळ असेल तर बिनधास्त जुगाड करा.

आता सगळ्यात कॉमन चूक बघा, टपकणारा नळ. लोक वायसर बदलतात, चार दिवस बरं चालतं आणि परत टपटप सुरू, मग म्हणायचं हल्लीचे वायसरच बोगस. अरे पण वायसर ज्या पितळी कडेवर जाऊन बसतो ती सीट बघितली का? कचरा आणि क्षारांमुळे तिला बारीक खड्डे पडतात आणि तीच नवा वायसर कापत राहते. मागचा कॉक बंद करायचा, नळाचा वरचा भाग खोलायचा, आत बोट घालून कडेवरून फिरवायचं, खरखरीत लागलं तर सीट घासून घ्यायला लागते नाहीतर नळच बदलायचा. आणि टपकतोय म्हणून नळ जोर लावून पिळायची सवय असते ना घरात सगळ्यांना, त्याने वायसर अजून लवकर जातो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुतेक वेळा वायसर नसतोच, सिरॅमिक डिस्क असते, तिथे आतला स्पिंडल पूर्ण बदलावा लागतो.

टेफ्लॉन टेप, म्हणजे गळू नये म्हणून नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी, तिचंही तसंच. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर फिटिंग आवळताना तो सोलवटून बाहेर येतो. आवळून झाल्यावर नळ सरळ दिसावा म्हणून थोडा उलटा फिरवणारे पण असतात, तिथून हमखास झिरपतं. उलटा फिरवला की टेप काढून परत नवा लावायचा, कंटाळा करायचा नाही.

चिकटवाचिकटवीत लोक सगळ्यात जास्त घाई करतात. एमसील, म्हणजे दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावायचं ते, ओल्या, शेवाळ धरलेल्या पाइपवर थापलं तर ते पाइपला नाही, घाणीला चिकटतं. पाणी बंद, जागा कोरडी, पॉलिश पेपरने घासलेली, आणि दोन्ही रंग दिसेनासे होईपर्यंत मळलेलं, एवढं केलं तरच काहीतरी अर्थ आहे. सिंकच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं की त्याच्यावरच नवीन मारतात, पण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही, जुनं खरवडूनच काढावं लागतं. आणि बादलीला चीर गेली तर फेविक्विक वाया घालवू नका. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन असल्या प्लॅस्टिकला ते पकडच घेत नाही.

ओल आलेल्या भिंतीबद्दल एकच सांगतो, पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय आणि प्लास्टर वाळल्याशिवाय पुट्टी मारली तर ती पापुद्रे होऊन गळून पडणार, महागातली मारली तरी.

आता जिथे जुगाड अजिबातच नको ती जागा, लाइट. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, सतत पडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकायचा, ही मला सगळ्यात डेंजर चूक वाटते कारण केल्याबरोबर प्रॉब्लेम गेल्यासारखा वाटतो. एमसीबी मुख्यतः वायर वाचवायला असतो. 1.5 स्क्वेअर एमएमच्या वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवला तर वायर आतल्या आत तापत राहते, इन्सुलेशन कडक होऊन तडकतं आणि एमसीबी मात्र निवांत चालू, आणि हे सगळं भिंतीत चाललेलं असतं त्यामुळे वास येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. पडतोय म्हणजे लोड जास्त आहे, कुठेतरी शॉर्ट आहे, कनेक्शन लूज आहे नाहीतर एमसीबीच खराब झालाय, यातलं नेमकं काय ते इलेक्ट्रिशियनकडून शोधून घ्या. वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट पण याच जातीचा, पीळ ढिला पडतो, जॉइंट तापतो, उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. त्यात एक वायर तांब्याची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची असेल तर अजूनच लवकर. तिथे योग्य कनेक्टरच पाहिजे.

पंखा स्लो झाला की डायरेक्ट कपॅसिटर बदलतात, बऱ्याचदा बरोबरही ठरतं. पण आधी मेन बंद करून पंखा हाताने फिरवून बघा, जड फिरत असेल किंवा घरघर येत असेल तर बेअरिंग गेलंय, तिथे कपॅसिटर काही करणार नाही. बदललाच तर जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड छापलेत तेवढ्याचाच घ्या. 2.5 च्या जागी मोठा टाकला की पंखा जोरात पळेल या नादात वाइंडिंग तापतं.

आणि शेवटची चूक म्हणजे काम झाल्या झाल्या हत्यारं आवरून मोकळं होणं. पाण्याचं काम केलं असेल तर जॉइंटखाली कोरडा टिश्यू ठेवून रात्रभर सोडा, नुसतं बघून कळत नाही इतकी बारीक गळती टिश्यूवर दिसते. तात्पुरतं काम केलं असेल तर तिथेच पट्टी चिकटवून तारीख आणि काय केलंय ते मार्करने लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी खोलणाऱ्याला आत नेमकं काय भरलंय हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो.