भातखाचरात ओल-सुकीची पाळी

ओल-सुकीची पाळी म्हणजे खाचरात आलटून-पालटून पाणी भरणे आणि ते सुकू देणे. साचलेल्या पाण्यात भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या तयार होतात; वरून आलेला प्राणवायू त्यांतून टोकाकडे जातो. जमीन सुकू लागली की मुळे ओलीच्या शोधात खोल उतरतात. हा बदल हळूहळू घडू द्यावा.

लावणीनंतर दोन आठवड्यांनी, जमिनीतल्या पाण्याची पातळी पाहण्यासाठी, 30 सेंमी लांब, 10-15 सेंमी रुंद पाइप घ्या. खालच्या 20 सेंमीला सगळीकडून भोके पाडा, तेवढाच भाग गाडा, आतली माती उपसा (नाहीतर पातळी दिसणारच नाही). पाणी जमिनीखाली 15 सेंमी गेले की खाचरात 5 सेंमी भरा. तण माजले असेल तर ही पाळी उशिरा सुरू करा. फुलोऱ्याच्या आधी-नंतर आठवडाभर मात्र पाणी तोडू नका. नाहीतर दाणे पोचट राहतात.