फोरॅमिनिफेरा ओळखताना आधी दाणा उलटा करा

आपल्या नाशिकला सगळा बेसाल्टच, म्हणजे लाव्हाचा खडक, त्यामुळे फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच असलेल्या एकपेशीय समुद्री जीवांचे सूक्ष्मजीवाश्म, बघायचे तर सॅम्पल बाहेरूनच येतं, मग हातात आलेला एकेक दाणा, म्हणजे एकेक कवच, नीट बघायलाच हवा ना. मेनरोडवरून ट्रिपल झिरोचा, अगदी बारीक टोकाचा ब्रश आणा, टोक जरासं ओलं करून दाणा काळ्या ट्रेवर उचला आणि तिन्ही बाजूंनी बघा, वरून, खालून आणि कडेने. एकाच बाजूवरून नाव ठरवलं की हमखास चुकतं.

ग्लोबिजेरिना बुलॉइड्स आणि ग्लोबिजेरिनॉइड्स रूबर या दोन जाती घ्या, दोन्ही द्राक्षाच्या छोट्या घडासारखेच दिसतात, पण बुलॉइड्सच्या शेवटच्या वेढ्यात साधारण चार कप्पे आणि खालच्या बाजूला एकच मोठं तोंड, रूबरला तीन कप्पे आणि दाणा उलटा केला की वरच्या बाजूलाही बारीक जादा तोंडं दिसतात. ही तोंडं मातीने बुजलेली असतात बरेचदा, म्हणून आधी नीट धुवा!

ग्लोबोट्रंकाना मात्र कडेनेच बघायचा, काठावर दोन समांतर धारा दिसतात, हे जीव ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरसोबतच संपले. किती देखणी कड असते ती!