पाढे पक्के करायचे तर पोट्ट्याला हे गेम लावून द्या

आमच्या गावात नेटचा काही भरोसा नाही, लाईन पण केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून नेटवर चालणारे गेम सोडा आणि टक्समॅथ घ्या. एकदम फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालते, तालुक्याला गेले की पेनड्राईव्हमध्ये आणा, मग नेट लागतच नाही. वरून धूमकेतू पडतात, त्यावर गणित लिहिलेलं असते, उत्तर टाईप करून एंटर दाबलं की तो फुटतो, नाहीतर खाली पेंग्विनच्या बर्फाच्या घरावर आदळतो. लहान पोट्टे असतील, मोबाईलच असेल, तर जीकॉम्प्री नावाचं खेळत-खेळत शिकायचं अ‍ॅप टाका, ते 2 ते 10 वर्षाच्या लेकरांसाठी आहे.

पण खरी गोष्ट पुढं आहे बरं. नुसतं हातात देऊन वावरात निघून जाऊ नका, पहिले आठ दिवस बाजूला बसा. माझी पोरगी सात सक पाशी दरवेळी थांबायची, बोटं मोजायची, तेवढ्यात धूमकेतू खाली. मग तेवढाच एक पाढा निवडून दिला, अन् उत्तर टाईप करायच्या आधी मोठ्यानं बोलायला लावलं, "सात सक बेचाळीस", कारण आकडा दाबता येते पण बेचाळीस का चोवीस यात लेकरं लय गोंधळतात. रोज 15 मिनिटं, जास्त नको. मग संध्याकाळी कापसाच्या हिशोबाला तिलाच बसवतो, 7 बाया, प्रत्येकीचे 16 किलो, सांग बेटा किती झाले?